ज्या पायांवर डोकं ठेवलं, त्याच पायांना समोरची लिफ्ट बंद केली. आपण शिकवणीप्रमाणे वागतो का?

सुमनताई_ऐरोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते.

मी एकसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका. ऐरोलीत एका चौदा मजली इमारतीत नवव्या मजल्यावर राहते. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही इमारतीतल्या बाराजणी आळीपाळीने एकेकीच्या घरी जमतो. हरिपाठ, मग चार-पाच अभंग, शेवटी पसायदान. अकरा वर्षं झाली, करोनाचा काळ सोडला तर खंड पडलेला नाही. मी माळकरी आहे. देवाधर्मावर टीका करायला हा धागा काढलेला नाही, हे आधीच सांगते. गळ्यात माळ आहे म्हणूनच हा प्रश्न मला झोपू देत नाही.

माझ्याकडे केर-फरशी आणि भांड्यांना एक मावशी येतात. मूळच्या परभणी जिल्ह्यातल्या, गंगाखेड तालुक्यातल्या. राहतात दिघ्याला. आमच्या इमारतीत त्यांची तीन घरं आहेत: चौथा मजला, माझं आणि बारावा. वय पंचावन्नच्या पुढे असेल, नक्की त्यांनाही माहीत नाही. दरवर्षी ज्येष्ठात त्या तीन आठवड्यांची सुट्टी घेतात. गावची दिंडी आळंदीला येते, तिथे त्या मिळतात आणि चालत पंढरपूर गाठतात. या सुट्टीचे पैसे तीनपैकी दोन घरं कापतात. पूर्वी मीही कापायचे, चार वर्षांपूर्वी थांबवलं.

या आषाढीनंतर त्या कामावर आल्या तो गुरुवार होता आणि भजन माझ्याकडेच होतं. मावशी दारात दिसल्या मात्र, आमच्यातल्या सर्वांत मोठ्या आजी, वय वर्षं ऐंशी, गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि त्यांच्या पाया पडल्या. वारी करून आलेल्याच्या पायांना पंढरीची धूळ असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग आम्ही सगळ्याजणी पाया पडलो. मावशी एकेकीला उठवून ‘माउली, माउली’ म्हणत उलट आमच्या पाया पडत होत्या. त्यांनी पिशवीतून चुरमुरे, बत्तासे आणि बुक्क्याच्या पुड्या काढल्या. आम्ही त्यांना मधोमध बसवलं.

त्या गंगाखेडच्या बाजूच्या म्हणून त्या दिवशी जनाबाईचे अभंग घेतले. जनाबाई तिथलीच. नामदेवांच्या घरी दासी होती, आजच्या भाषेत घरकाम करणारी बाई. ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी’ ही ओळ आम्ही चार वेळा घोळवली. बाई झाडते आहे आणि देव खाली वाकून तिचा केर भरतो आहे. माझा आवाज दाटला, शेजारचीने टाळ थांबवून डोळे पुसले. ते डोळे पुसणं खरं होतं. माझा प्रश्न त्याच्या खरेपणाबद्दल नाही, ते कुठवर पोचतं याबद्दल आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा झाली. शेवटून दुसरा विषय: घरकाम करणाऱ्या बायका, कचरा नेणारे आणि डिलिव्हरीची मुलं यांनी फक्त मागची, सामानाची लिफ्ट वापरावी. समोर दोन लिफ्ट आहेत, त्या सभासद आणि पाहुण्यांसाठी. कारणं दिली गेली ती सकाळची गर्दी, सामानाला लागणारे धक्के आणि मागच्या वर्षी झालेली एक चोरी. एकजण घामाच्या वासाबद्दलही बोलले. पाच मिनिटांत ठराव झाला. हात वर करा म्हणाले, मी केला. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी खूप आठवून पाहिलं. काहीच नव्हतं. विषय उरकावा आणि घरी जावं, एवढंच. आमच्या भजनी मंडळातल्या आठजणी सभेला होत्या. आठही हात वर होते.

दिवाळीनंतर मागच्या लिफ्टची मोटर जळली. नऊ दिवस ती बंद होती आणि मला हे ठाऊकही नव्हतं, कारण मी त्या लिफ्टकडे जातच नाही. चौथ्या दिवशी मावशी अर्धा तास उशिरा आल्या. आल्या तशा गॅलरीत भिंतीला टेकून खाली बसल्या. ब्लाउज पाठीला चिकटला होता, उजवा गुडघा चांगलाच सुजला होता.

‘जिन्यानं आले, ताई. मागली लिफ्ट बंद हाय.’

‘मग समोरच्या लिफ्टने यायचं ना!’

‘वॉचमन घेत न्हाई.’

‘मला खालून फोन करायचा मावशी, मी त्याच्याशी बोलले असते.’

त्यावर त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, ‘तुमी समद्यांनीच हात वर केले व्हते म्हनं.’

सुरात राग नव्हता. उठल्या, केरसुणी घेतली आणि कामाला लागल्या. चौथा, नववा, बारावा मजला, चार दिवस, चढून आणि उतरून. दिवेघाट चढतानाचा यांचा फोटो मी मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे, लोकांना कौतुकाने दाखवते.

ठराव लिफ्टचा होता आणि लिफ्ट ही छोटी गोष्ट आहे, असं मला घरातही सांगितलं गेलं. मला ती छोटी वाटत नाही. तुम्ही कुठलाही मार्ग मानत असाल, वारकरी, बौद्ध, ख्रिस्ती, मुसलमान, जैन, कुठलाही. प्रेमाची, दयेची शिकवण आपल्या प्रत्येकाकडे आहे. ती तुमच्या वागण्यात कुठपर्यंत उतरते आणि नेमकी कुठे अडते? दुसऱ्यांचं नको, स्वतःचं सांगा. माझं मी सांगितलं.

---

खारघरचा_नाना

ताई, तुमची तळमळ पोचली, पण तुम्ही स्वतःला फार छळताय. मी आमच्या सोसायटीचा सात वर्षं सेक्रेटरी आहे. आमच्याकडेही हाच नियम आहे. तो कोणाला कमी लेखायला केलेला नाही. सकाळी आठ ते दहा शाळेची मुलं, नोकरीवाले आणि कामाच्या बायका एकाच वेळी लिफ्टसमोर आल्या की भांडणं होतात. चाळीस माणसांची भांडणं तुम्ही रोज मिटवून बघा. नियम हवाच. चूक झाली ती मागची लिफ्ट बंद असताना समोरची उघडली नाही ही. ती व्यवस्थेची चूक, भक्तीची नव्हे.

मीही माळकरी आहे. दर शनिवारी आमच्याकडून पोळी-भाजीची चाळीस पाकिटं खारघरच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांच्या नातेवाइकांना जातात. बिहार, बंगाल, विदर्भ, कुठून कुठून माणसं येतात, पदपथावर बसलेली असतात. पाच वर्षांत फारच थोडे शनिवार चुकले असतील. गाडगेबाबांच्या दादरच्या धर्मशाळेत मी तरुणपणी मामाच्या आजारपणात तीन आठवडे राहिलो होतो. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी ही त्यांची यादी तिथे भिंतीवर रोज वाचायचो. ती डोक्यातून गेली नाही. त्यामुळे श्रद्धावान माणूस शिकवणीप्रमाणे वागतच नाही, हे मी मान्य करणार नाही. वागतो. जमेल तिथे वागतो.

---

सुमनताई_ऐरोली

नाना, चाळीस पाकिटांना मनापासून नमस्कार. ते खरं काम आहे, मी त्याच्या जवळपासही नाही. एकच विचारते आणि टोमणा म्हणून विचारत नाही. चाळीस पाकिटांच्या पोळ्या घरात कोण करतं?

---

कोपरीकर

ताई, तुम्ही स्वतःचं सांगा म्हणालात, म्हणून लिहितो. नाहीतर या विषयावर मी गप्प बसतो.

माझे आजोबा सांगोला तालुक्यातले. मंगळवेढा तिथून जवळ, चोखोबांचं गाव. १३३८ मध्ये तिथे गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. दारासमोर, म्हणजे दाराच्या बाहेर. अभंग आत म्हटले जायचे, ज्याने रचले तो पायरीशी. आजोबा आषाढीला जायचे, त्या समाधीवर डोकं ठेवायचे आणि तिथूनच माघारी फिरायचे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं तेव्हा कुठे देऊळ सगळ्यांना उघडलं. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे नऊ वर्षांनी. यातली शेवटची तीनशे वर्षं तर तुकोबांचं ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’ही गायलं जात होतं. गाणारे खोटे होते असं आजोबा कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, त्यांना आम्ही फक्त अभंगात दिसायचो. दार उघडल्यावरही आजोबा आत गेले नाहीत. पुढे आमच्या घराने धम्म घेतला.

आता माझं. रविवारी आमच्या विहारात आम्ही ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ म्हणतो. सगळे जीव सुखी होवोत. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात सगळी माणसं समान असल्याची प्रतिज्ञा आहे आणि प्राणिमात्रांवर दया करण्याचीही. मला बावीसही पाठ आहेत. माझ्या धाकट्या भावाने आमच्यासारख्याच सोसलेल्या, पण दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य माझ्या तोंडून आलं. मी लग्नाला गेलो, पण मागच्या रांगेत बसलो. वहिनीला हे माहीत आहे. तिला दोन वर्षांनी मुलगी झाली तेव्हा मी माफी मागायला गेलो. तिने चहा केला, विषय काढला नाही, आणि मलाही काढता आला नाही. अजून राहिलेलं आहे.

ताई, वारीच्या दिवशी पाया पडण्यात एक सोय असते. पायांवर डोकं असताना तोंड दिसत नाही. बाकी ३६४ दिवस तोंडाकडे बघावं लागतं.

---

तळ्याकाठची

मी ठाण्याची ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातली, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये मी रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. दयाळू शोमरोनीची गोष्ट किती वेळा शिकवली असेल याची गणती नाही. वाटेत लुटलेला माणूस पडला आहे, देवळातले दोघे बाजूने निघून जातात आणि ज्याला सगळे परका मानतात तो थांबतो.

या गोष्टीवर अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, तो तुम्हाला सांगावासा वाटतो. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन हे दोन मानसशास्त्रज्ञ. प्रिन्स्टनला पाद्री होण्यासाठी शिकणारे चाळीस विद्यार्थी त्यांनी निवडले. काहींना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन याच गोष्टीवर बोला. बाकीच्यांना वेगळा विषय दिला. मग कोणाला म्हणाले तुम्हाला उशीर झालाय, पळा; कोणाला म्हणाले सावकाश जा, वेळ आहे. वाटेत एका दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना घाई होती त्यांच्यातले फक्त १० टक्के. बोलायला कोणता विषय दिलाय, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोनीवर बोलायला निघालेले काहीजण त्या माणसाला ओलांडून गेले. हा अभ्यास १९७३ मध्ये छापून आला.

मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. त्याच वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, सकाळची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) करून मी थेट ठाणे स्टेशनला गेले होते. कपाळावर राखेचा क्रूस तसाच. पुलाच्या जिन्यावर एक म्हातारे गृहस्थ कठड्याला धरून ओकत होते. लोक त्यांना वळसा घालून चढत होते. मीही घातला. माझी ८:१२ ची फास्ट होती. गाडीत चढल्यावर खिडकीच्या काचेत मला माझं कपाळ दिसलं.

तुमचा हात वर गेला तेव्हा ‘मनात काहीच नव्हतं, घरी जायचं होतं’ हे तुम्ही लिहिलंत, त्यावर मी अडले. माझ्याही मनात त्या माणसाबद्दल वाईट काही नव्हतं. त्याच्यासाठी जागाच नव्हती. तेव्हापासून मी एक गाडी आधीची पकडते. वीस मिनिटं मिळतात. त्या वीस मिनिटांत वर्षातून तीन-चारदा कोणासाठी तरी थांबायची वेळ येते आणि थांबता येतं. एवढंच जमलंय. बाकी प्रेमावरचे धडे मी अजून शिकवतेच आहे, आता जरा हळू आवाजात.

---

रायडर_कळवा

इथे मी बहुतेक फक्त वाचतो. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये डिलिव्हरी करतो. दिवसाला पंचवीस-तीस दारं. कोणाच्या दारावर गणपती, कोणाच्या ७८६, कोणाच्या येशू, कोणाच्या दारावर काहीच नाही. दार बघून आत कसा माणूस आहे हे तीन वर्षांत एकदाही ओळखता आलं नाही.

पाणी बरेच जण देतात, खोटं कशाला बोलू. पण बहुतेक प्लास्टिकची बाटली देतात आणि घेऊन जा म्हणतात. मेमध्ये एका आजींनी ताक दिलं, घरातल्या स्टीलच्या पेल्यात. मी पेला परत दिला तर त्यांनी तो माझ्यासमोर ओट्यावरच्या बाकीच्या भांड्यांत ठेवला. वेगळा नाही ठेवला. ते मला आईला घरी जाऊन सांगावंसं वाटलं.

मागच्या लिफ्टचं ताई म्हणतात ते बरोबर आहे. ती प्रत्येक मजल्यावर थांबते, कधी त्यात सोफा चाललेला असतो. एका ऑर्डरमागे दहा-दहा मिनिटं जातात. लेट झालं की आमचा इन्सेन्टिव्ह जातो. सभेत हे कोणी सांगितलं नसणार, कारण सभेत आम्ही नसतो.

---

सभासद_वाशी

मुद्द्याचं एक. ताई, तुम्हाला पुढच्या वार्षिक सभेपर्यंत थांबायची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ७६. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. अर्जात विषय स्पष्ट लिहा, सह्यांसोबत फ्लॅट नंबर घ्या, पोच घ्यायला विसरू नका. उपविधीत वेगळी संख्या दिली आहे का तेही तपासा.

---

खारघरचा_नाना

ताई, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. पोळ्या आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई करतात. शनिवारी पहाटे साडेपाचला येतात, शंभरावर पोळ्या लाटतात. जास्तीचे पैसे देतो. त्या मागच्या लिफ्टने येतात. साडेपाचला समोरच्या लिफ्टला कसलीही गर्दी नसते.

हे मी काल रात्री लिहून खोडलं होतं. आज पुन्हा लिहिलं. गर्दीचं कारण मी मनापासून दिलं होतं, मला ते पटलेलंही होतं. पाच वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतंय. पदपथावरच्या माणसाला मी ‘बाबा, अजून एक घ्या’ म्हणतो. या बाईंचं पूर्ण नाव मला काल बायकोला विचारावं लागलं.

---

सुमनताई_ऐरोली

सगळ्यांची उत्तरं दोन-दोनदा वाचली. नाना, तुम्ही परत येऊन लिहिलंत, तुमच्या पाया पडते.

कोपरीकर, तुमच्या आजोबांचं ते वाक्य, फक्त अभंगात दिसायचो, मी भजनाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. वहिनीचं मात्र राहू देऊ नका. तुम्ही तिच्याकडे माफीसाठी गेला होतात हे तिला चहा करतानाच कळलं असेल, तरी तोंडाने म्हणा. मी अनुभवाने सांगते. मी मावशींची माफी मागितली, तेव्हा त्या केर काढत होत्या. त्यांनी केरसुणी थांबवली नाही. म्हणाल्या, ‘ते ऱ्हाऊ द्या ताई, लिफ्टीचं बघा.’ मला वाटलं होतं त्या रडतील, मी रडेन, जुलैसारखं. तसं काही झालं नाही. त्यांना माझ्या डोळ्यांतलं पाणी नको होतं, गुडघ्याला आराम हवा होता. गुडघ्याचा एक्स-रे काढून घेतला, झीज आहे. डॉक्टरांनी जिने टाळा म्हणून सांगितलंय.

लिफ्टचं असं. मागची आता सुरू झाली आहे, पण पुन्हा कधी बंद पडेल सांगता येत नाही. रोज साडेनऊला मी खाली उतरते आणि मावशींना समोरच्या लिफ्टने वर आणते. पहिल्या दिवशी त्या आत यायलाच तयार नव्हत्या, कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहिल्या. वॉचमन बिचारा दुसरीकडे बघतो. सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ आम्हाला पाहून ‘मी पुढच्या लिफ्टने येतो’ म्हणाले. माझी त्यांची वीस वर्षांची ओळख. तेही एकादशी करतात.

वाशीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज लिहिला आहे. आमचे चौऱ्याऐंशी फ्लॅट, म्हणजे सतरा सह्या हव्यात. रायडर भाऊंचं दहा मिनिटांचं गणितही त्यात घातलं. अकरा सह्या झाल्या आहेत. पहिली ऐंशीच्या आजींची, त्यांनी भिंग लावून पूर्ण अर्ज वाचला आणि मग केली. आमच्या मंडळातल्या दोघींनी ‘भजनात राजकारण नको’ म्हणून नकार दिला. त्यातली एक म्हणजे जुलैत टाळ थांबवून डोळे पुसणारी. तिच्याकडे मी परत जाणार आहे.

या गुरुवारचं भजन बाराव्या मजल्यावर आहे. ठरावाला अनुमोदन त्याच ताईंनी दिलं होतं आणि मावशी त्यांच्याकडेही कामाला आहेत. कागद टाळांच्या पिशवीत ठेवला आहे, पेनही.